लाल जर्सी, हिरवी जर्सी आणि भाच्याचे चुकलेले पास

मे महिन्यात गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावात, कापणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतात मुलांची फुटबॉल स्पर्धा होती. माझा बारा वर्षांचा भाचा लाल संघात, समोरचा संघ हिरवा. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने तीनदा चेंडू सरळ हिरव्या जर्सीच्या पायात नेऊन दिला. "लक्ष कुठंय तुझं?" कोच बाहेरून ओरडले. पोराचं लक्ष चेंडूवरच होतं. मला मात्र माझे वडील आठवले. परसातली भिरंडं (कोकमाची फळं) काढताना ते प्रत्येक फळ बोटांनी दाबून बघायचे. पानाआड लालभडक पिकलेलं फळ आम्हा मुलांना लांबून दिसायचं, त्यांना नाही. तो त्यांचा चोखंदळपणा, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नव्हता, आणि आता भाच्यालाही दिसत नाही: रंगांधळेपणा.

फुटबॉलचा चौथा नियम सांगतो, की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि रेफरींपासून वेगळे ओळखू यायला हवेत. गोलकीपरचा रंग इतर खेळाडूंहून आणि रेफरींहून वेगळा हवा. रंग जुळले तर कपडे कुणी बदलायचे, हे स्पर्धा ठरवते. इंग्लंडच्या लीगमध्ये आधी यजमान संघ बदलायचा, 1921 पासून पाहुण्यांवर ती जबाबदारी आली. 1978 च्या विश्वचषकात फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढऱ्या जर्सी घेऊन आले, तेव्हा फ्रान्सला अर्जेंटिनातल्या किम्बर्ली या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणाव्या लागल्या. पण 'वेगळे ओळखू यायला हवेत' म्हणजे कुणाच्या डोळ्यांना? ते नियमात लिहिलेलं नाही. फातोर्ड्याच्या मैदानात गोव्यातल्याच चर्चिल ब्रदर्स क्लबचा लाल आणि साळगावकर क्लबचा हिरवा समोरासमोर आला, की आपल्याला त्याहून स्पष्ट फरक सुचणार नाही. 14 जून 2018 ला विश्वचषकाचा पहिलाच सामना लाल रशिया विरुद्ध हिरवा सौदी अरेबिया असा झाला, तेव्हा जगभरच्या कितीतरी प्रेक्षकांनी तक्रार केली की कोण कुणाचा तेच कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांत एकाला लाल-हिरव्याची गल्लत होते. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतकं नाही.

आता यामागची मला फार आवडणारी गोष्ट. आपल्या डोळ्यात रंगासाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. एकट्या पेशीला रंग कळत नाही. आपल्यावर किती प्रकाशकण पडले, एवढंच ती मोजते. मंद हिरवा आणि प्रखर लाल तिला सारखेच वाटू शकतात. रंग जन्मतो तो तुलनेतून. 560 वाली पेशी 530 वालीपेक्षा किती जास्त चेतली, या वजाबाकीला आपण लाल किंवा हिरवा म्हणतो. दोघींतली एक नसेल तर वजाबाकीच होत नाही. उरतो फक्त उजेड-अंधाराचा फरक, आणि दोन्ही जर्सी सारख्याच उजळ असतील तर तोही जातो.

या दोन पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत आणि जवळजवळ 98 टक्के सारखी आहेत, कारण दोन्ही एकाच जुन्या जनुकाच्या प्रती. आपल्या माकड पूर्वजांत साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी ते जनुक दुणावलं, मग एक प्रत किंचित बदलली, आणि हिरव्या पानांतलं पिकलेलं फळ उठून दिसू लागलं. त्या दुणावण्याची किंमत अशी: स्त्रीच्या शरीरात बीजांड तयार होताना दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना लागून उभी राहतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. शेजारची जनुकं इतकी सारखी, की कधी एकाचं पहिलं जनुक दुसऱ्याच्या दुसऱ्या जनुकासमोर येतं. तिथेच काप गेला तर एका गुणसूत्राला एक जनुक जादा मिळतं, दुसऱ्याचं एक जातं. काप जनुकाच्या मधोमध गेला तर अर्धं याचं अर्धं त्याचं असं जोडजनुक बनतं. त्यातून तयार होणाऱ्या पेशीचा शिखरबिंदू, म्हणजे ती सर्वाधिक प्रतिसाद देते ती तरंगलांबी, दोहोंच्या मध्ये कुठेतरी सरकतो, आणि तो किती सरकला यावर दृष्टीतला फरक सौम्य की तीव्र ते ठरतं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टनने 1794 मध्ये स्वतःच्या अशा दृष्टीबद्दल लिहिलं. डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासले तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या डीएनएतून 1995 मध्ये उत्तर मिळालं: मधल्या, 530 वाल्या पेशीचं जनुकच नव्हतं.

भाचा मामावर जातो म्हणतात, पण हा 'मामावर' गेलेला नाही, आजोबांवर गेलाय, तोही आईच्या वाटेने. पुरुषाकडे एकच एक्स असतो आणि सोबत एक वाय. वडिलांचा तो एकुलता एक्स ताईला मिळाला. मला त्यांचा वाय मिळाला, म्हणून मी सुटलो. ताईकडे दुसरा चांगला एक्स आहे, त्यामुळे तिला सगळे रंग दिसतात. शेजारची एक बाई तिला विचारून गेली, "दिवस असताना ग्रहण पाळलं नव्हतंस का?" मला फार राग आला. गुणसूत्रं जुळण्यातली ही चूक कुठल्याही ग्रहणाशी आणि कुणाच्याही वागण्याशी संबंध नसलेली आहे. तसंच थेंब, गाजराचा रस आणि जाहिरातीतले महागडे चष्मे यांनीही ती दुरुस्त होत नाही. चष्मा मधल्या काही तरंगलांबी गाळून फरक थोडा ठळक करू शकतो. नसलेली पेशी तो आणू शकत नाही.

मध्यंतरात मी कोचना दोन्ही संघांचा फोटो मोबाईलवर कृष्णधवल करून दाखवला. सगळी मुलं एकाच राखाडी रंगाची. कोच काही बोलले नाहीत. स्कूटरच्या डिकीतून सरावाचे पिवळे बिब काढले आणि आमच्या मुलांना घातले. एक संघ उजळ, एक गडद, बस. जागतिक स्पर्धांत संघांकडून एक गडद आणि एक फिकट असे दोन पोशाख मागवतात, ते याचसाठी उपयोगी. भाच्याचे पास नंतर आपल्याच मुलांकडे गेले, सामना तरी 2-1 ने हरलो.

घरी येताना ताईने भाच्याच्या बहिणीबद्दल विचारलं, "धाकटीचं काय?" तिच्या बाबांना रंग नीट दिसतात, त्यांचा एक्स तिला मिळालेलाच आहे, म्हणून तिलाही दिसतील. मात्र आजोबांचा एक्स तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. तो आला असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला ही गल्लत होण्याची पुन्हा तेवढीच शक्यता.