घोरण्याला आजार म्हणायला इतका उशीर का लागला

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले. मुंबईत जुहूच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगताना ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ हे नाव घेतलं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो आणि तो गंभीर असू शकतो, हे कळल्यावर अनेकींनी रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असणार.

खरं तर हा आजार लपून बसलेला कधीच नव्हता. शेजारच्या खोलीतही ऐकू जावा असा आजार वैद्यकाला सापडायला १९६५ साल उजाडावं लागलं, याचं एक साधं कारण आहे. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ‘बघा, कसा ढाराढूर झोपलाय’ हे आपण आजही कौतुकानं म्हणतो.

प्रत्यक्षात घडतं ते उलटं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ आणि मऊ टाळू इतकी मागे जातात की हवेची वाटच बंद होते. छाती-पोट हलत राहतं, श्वास घ्यायची धडपड चालू असते, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, जोरात एक आचका बसतो आणि पुन्हा घोरणं सुरू. झोपलेल्याला यातलं सकाळी काहीही आठवत नाही. किमान १० सेकंद श्वास थांबला तर तो एक ‘अ‍ॅप्निया’. श्वास नुसता उथळ होऊन ऑक्सिजन घसरला तर तेही मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, १५ च्या पुढे मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तीव्र म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा गुदमरणं. घोरण्याच्या आवाजाची सगळे चेष्टा करतात. आजार मात्र मधल्या शांततेत असतो, आणि ती शांतता फक्त शेजारी जागं असलेलं माणूस ऐकतं.

जुन्यांनी निरीक्षणं केलीच नाहीत असं नाही. चरकसंहितेनं आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानलं, आणि सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल देह आणि झोप यांचा विचार एकत्र केला. समर्थ रामदासांनी दासबोधात निद्रेवर एक अख्खा समास लिहिला. जांभया, आळस, झोपलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा, सगळं त्यात आहे. पण तो विनोदाच्या अंगानं आहे, आणि पुढची कित्येक शतकं जगभर हा विषय त्याच अंगानं गेला. कुंभकर्ण आपल्याकडे कायमचा थट्टेचा विषय. ग्रीकांकडे हेराक्लिआचा डायोनिसियस हा अतिस्थूल राजा. तो झोपला की वैद्य त्याच्या अंगात लांब सुया टोचून जागा ठेवत, अशी कथा आहे.

या थट्टेतूनच वैद्यकाला पहिलं नाव मिळालं. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या ‘द पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या-उभ्या झोपतो. एकदा तो दार सारखं बडवत सुटतो, कारण थांबला तर झोपी जाईल म्हणून मालकानंच तसं बजावलेलं असतं. आणि खरंच, दार उघडतं तेव्हा तो उभा राहून झोपलेला असतो. डिकन्सनं हे पात्र कुणावरून बेतलं कोण जाणे, पण लक्षणं वाचून आजचा कुठलाही छातीरोगतज्ज्ञ मान डोलावेल.

पुढं १९५६ मध्ये बॉस्टनच्या डॉ. बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. एक्कावन्न वर्षांचा, मोठ्या हुद्द्यावरचा, अतिशय जाड गृहस्थ. पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. असं पान आयुष्यात क्वचित लागतं. आणि पैसे लावायच्या ऐवजी हा पठ्ठ्या झोपी गेला. त्यानंतर तो दवाखान्यात दाखल झाला. (वर्षानुवर्षं दिवसा पेंगण्यानं जे झालं नाही ते पत्त्याच्या एका डावानं झालं, ही मात्र अगदी माणसासारखी गोष्ट.) बर्वेल यांनी या स्थितीला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. जाडीमुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याची गुंगी येते, असा त्यांचा तर्क. श्वास आणि दिवसाची झोप यांचा संबंध त्यांनी बरोबर जोडला, पण रुग्णाची रात्र त्यांनी पाहिलीच नव्हती. गुंगीचं खरं कारण रात्रीत होतं.

लहान मुलांच्या बाबतीत धागा त्याही आधी हाती आला होता आणि सुटला होता. १८८९ मध्ये विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरनं लिहून ठेवलं की शाळेत ‘मंद’ म्हणून हिणवली जाणारी, तोंडानं श्वास घेणारी, रात्री नीट न झोपणारी काही मुलं मंद नसतातच. त्यांच्या नाकाघशात अडथळा असतो. आपल्याकडे आजही असं मूल ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून ओरडा खातं, आणि वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडकडे उशिरानं लक्ष जातं.

रात्र पाहायची म्हणजे मोजायचं साधन हवं. ते १९२९ मध्ये मिळालं, जेव्हा जर्मनीच्या हान्स बर्गरनं माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची बुबुळं वेगानं हलणारा टप्पा दाखवला, आणि झोप ही एकसंध गुंगी नसून तिचे टप्पे असतात हे पक्कं झालं. पण तेव्हाही सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे. श्वास कुणी मोजत नव्हतं.

ते घडलं १९६५ मध्ये, एकाच वर्षी दोन ठिकाणी. फ्रान्समध्ये मार्से इथं गास्तो, तासिनारी आणि ड्यूरॉन, आणि जर्मनीत फ्रायबुर्ग इथं युंग आणि कूलो. दोन्हीकडे पिकविकियन रुग्णांना रात्रभर यंत्राला जोडून मेंदू आणि श्वास यांचे आलेख सोबत काढले. श्वास पुन:पुन्हा थांबतोय, आणि प्रत्येक वेळी मेंदू जागा होतोय, हे कागदावर उमटलं. म्हणजे माणूस दिवसा पेंगतो तो कार्बन डायऑक्साइडच्या गुंगीनं नव्हे, तर रात्रभर झोपच न झाल्यामुळे. चार वर्षांनी कूलो आणि सहकाऱ्यांनी गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली. अडथळा वर घशात असेल तर त्याला वळसा घातल्यावर आजार जायला हवा, आणि तसंच झालं. उपाय रामबाण, पण रुग्णानं जन्मभर गळ्यात नळी घेऊन फिरायचं!

१९७२ मध्ये इटलीतल्या रिमिनी इथं या विषयावर परिषद भरली. त्याच वर्षी ख्रिस्तियाँ गियेमिनो हा फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंटच्या झोपेच्या दवाखान्यात पोचला आणि तिथं रात्रीच्या तपासणीत श्वास आणि हृदयाची नोंद नेमानं होऊ लागली. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अ‍ॅप्नियाचे काही रुग्ण ‘झोप फार येते’ ऐवजी ‘झोपच लागत नाही’ म्हणून येतात. मला हा शोध आजही सगळ्यात दुर्लक्षित वाटतो. रात्री तीन-चारदा जाग येते म्हणून माणूस झोपेची गोळी मागतो किंवा दोन पेग घेतो. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त अडकतो. रात्री वारंवार लघवीला उठणं हेही याच आजारात होतं. छातीत ताण पडून हृदय असं संप्रेरक सोडतं की लघवी वाढते. साठीचे गृहस्थ मात्र प्रोस्टेटच्या तपासण्या करत फिरतात.

गळ्यातल्या नळीऐवजी नाकावर मास्क लावायच्या उपायाची गोष्ट सिडनीची. कॉलिन सुलिव्हन यांनी आधी कॅनडात कुत्र्यांच्या श्वासावर काम केलं होतं. १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र अ‍ॅप्नियाचा एक रुग्ण होता. त्याला गळ्याला भोक नको होतं. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, म्हणजे हवा ओढण्याऐवजी ढकलणारी, आणि नाकावाटे ती हवा सतत घशात सोडली. हवेच्या दाबानं घसा उघडा राहिला. दाब वाढवला की घोरणं बंद, कमी केला की पुन्हा गुदमरणं चालू, अगदी बटण दाबल्यासारखं. पाच रुग्णांवरचा निबंध एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वापरलेला दाब ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतकाच, म्हणजे किरकोळ. हेच सीपॅप, म्हणजे सतत दाबानं हवा देणारं यंत्र. सुरुवातीचे रुग्ण रोज रात्री मास्क नाकाला सिलिकॉननं चिकटवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. इतका त्रास काढूनही ते वापरायचे, यावरून आधीचे त्यांचे दिवस कसे असतील याची कल्पना येते.

हा आजार किती पसरलाय हे १९९३ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधल्या पाहणीतून कळलं. दवाखान्यात आलेले नव्हे, तर नोकरीधंदा करणारे ३० ते ६० वयाचे साधे लोक तपासले. पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत मर्यादेपेक्षा जास्त वेळा अडकत होता. त्याबरोबर दिवसाची पेंगही असलेले अनुक्रमे ४ आणि २ टक्के. ही बाब पुरुषांचीच, असं तोवर डॉक्टरही समजत. बायका दवाखान्यात येतात त्या थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं सांगत, आणि आपल्या घरांत बाई घोरते हे तिला कुणी सांगतही नाही. पाळी गेल्यावर त्यांच्यातही प्रमाण वाढतं.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेतला श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत सापडला, आणि लक्षणांसह आजार ७.५ टक्क्यांत. आपण विस्कॉन्सिनच्या गोऱ्यांइतके जाड नसूनही हा आकडा. जबड्याची ठेवण, गळ्याभोवतीची चरबी आणि सुटलेलं पोट हे वजनकाट्यावर पुरेसं दिसत नाही. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे’ हा युक्तिवाद इथं चालत नाही.

आपल्याकडे निदान आता तुलनेनं सोपं झालंय. घरीच छातीला पट्टा, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून रात्र काढता येते. कोविडनंतर ऑक्सिमीटरची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. अडतं ते पुढं. यंत्राची किंमत तीस-चाळीस हजारांपासून पुढे, आणि अनेक विमा पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. मग बारीकसारीक गोष्टी: वीज गेली तर इन्व्हर्टर हवा, आर्द्रतेच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर हवं, मिशीवाल्यांचा मास्क गळतो, पट्ट्याचे वळ ऑफिसला जाईपर्यंत गालावर राहतात, लग्नाच्या हॉलवर सगळ्यांच्या मध्ये गादी टाकून झोपायचं तर यंत्र काढायची लाज वाटते. बरेच जण पहिल्या महिन्यात यंत्र कपाटावर टाकतात, आणि त्यांना ‘आळशी’ म्हणणं मला पटत नाही. नव्या रुग्णाला यंत्र विकणारा माणूस भेटतो. मास्कचा आकार बदलून देणारा, दाब पुन्हा बसवणारा फार वेळा भेटत नाही.

याचा फटका संशोधनालाही बसला. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. हृदयविकार किंवा पक्षाघात आधी होऊन गेलेल्यांत सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत, असं दिसलं. पेंग कमी झाली, मन:स्थिती सुधारली. पण सरासरी वापर होता रात्री फक्त ३.३ तास. अर्ध्या रात्रीच्या उपचाराला पूर्ण रात्रीचा गुण कसा येणार, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, खऱ्या आयुष्यात माणसं इतकंच वापरतात, तेव्हा हाच खरा निकाल. वाद अजून मिटलेला नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आवाज कमी करणारा आतला फोम झिजण्याच्या भीतीनं लाखो यंत्रं परत बोलावली, तेव्हा नेमानं वापरणाऱ्यांचाही विश्वास डळमळला.

पेंगेचा धोका मात्र कुणी नाकारत नाही. १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि चार जण गेले. चालकाला तीव्र अ‍ॅप्निया होता आणि त्याचं निदानच झालेलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. रात्रपाळीचे ट्रक-बस चालक आपल्याकडे काय कमी आहेत?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं टिर्झेपॅटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठ रुग्णांमधल्या मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियासाठी मंजूर केलं. या आजारासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. भारतात ते मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आलं. चाचणीत तासाला सुमारे ५० वेळा श्वास अडकणारे रुग्ण होते. वर्षभरात तो आकडा सरासरी २५ ते २९ नं उतरला. घट मोठी आहे, पण उरलेली विसेक म्हणजे अजून मध्यम आजार. शिवाय ज्यांचा दोष जबड्यात किंवा टॉन्सिलमध्ये आहे त्यांना वजन उतरवून फारसं काही मिळत नाही. त्यामुळे पॅन्ट सैल झाली म्हणून मास्क स्वत:च्या मनानं सोडू नये. आधी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.