घर मोठं झालं, तरी करमत का नाही?

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पुनर्विकासात टॉवरमध्ये मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं. जागा तिपटीहून जास्त, संडास घरातच. तरी घरातली वडीलधारी म्हणतात, ‘इथे करमत नाही’, आणि ‘होईल सवय’ म्हणून विषय संपवला जातो. तो तसा संपवू नये. घर आपलं वाटण्यामागे मनाच्या ठरावीक गरजा असतात आणि जागा बदलली की त्यातली एखादी उपाशी राहते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अशा तीन गरजा मूलभूत मानल्या: आपलं आपण ठरवता येणं, हातातलं काम जमणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. घराच्या बाबतीत या तिन्ही गरजा दाराशी एकत्र येतात.

आयर्विन ऑल्टमन यांनी १९७५ मध्ये मांडलं की एकांत म्हणजे एकटं राहणं नव्हे. संपर्क आपल्या मर्जीने कमी-जास्त करता येणं. चाळीत त्याची भाषाच होती. दार सताड उघडं म्हणजे या. पडदा सोडलेला म्हणजे आधी हाक मारा. दार लोटलेलं म्हणजे नंतर. टॉवरमध्ये दार एकतर बंद, नाहीतर उघडं. मधल्या पायऱ्या गेल्या.

पण चाळीत सगळं सुखाचं होतं असंही नाही. सामायिक नळ आणि संडासापाशी नको ती भेट टाळता येत नाही, आणि त्याचा ताण बायकांवर सर्वांत जास्त पडतो. अमेरिकेतल्या वसतिगृहांवरचा बॉम आणि व्हॅलिन्स यांचा १९७७ चा अभ्यास हेच दाखवतो. माणशी जागा जवळपास सारखीच, पण लांब कॉरिडॉरवर ३४ जण एकच बाथरूम वापरत तिथल्या मुलांना गर्दी जास्त जाणवे. चार-सहा जणांच्या गटात राहणाऱ्यांना कमी. पुढे अशाच एका कॉरिडॉरच्या मधल्या तीन खोल्यांची बैठकीची जागा केली, दारं बसवली, सुमारे ४० जणांचे वीस-वीसचे दोन गट पडले आणि ताण उतरला. इमारत तीच.

म्हणून नव्या घरात आधी जाळीचं सेफ्टी डोअर बसवा. आतून निम्म्या उंचीचा पडदा लावा: बाहेर उभ्या माणसाचा चेहरा दिसतो, आत जमिनीवर बसलेलं कुणी सहज दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ लाकडी दार उघडं ठेवा. लॉबीत मात्र बाकडं किंवा चपलांचं कपाट नको. आग लागली तर तीच वाट. टॉवरचे सगळे मजले सारखेच दिसतात, म्हातारी माणसं चुकून दुसऱ्याच दारापाशी जातात आणि मग खाली उतरणंच सोडतात. दाराला ठळक वेगळ्या रंगाची पाटी लावा आणि पहिला आठवडाभर त्यांच्यासोबत लिफ्टने जा. बटण त्यांनाच दाबू द्या.

ओटा जी व्यक्ती रोज रांधते तिच्या मापाने करावा, कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली. डबे कुठे ठेवायचे हेही तिनेच ठरवावं. आणि तीन पिढ्या एकत्र राहत असतील, तर प्रत्येकाला कुलपाचा एक खण द्यावा, आजीला आणि शाळकरी मुलीलाही.