रोजचं शुभवर्तमान : मनन आणि आचरण

रोजच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) जे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा नि शिकवणीचा उतारा, वाचलं जातं त्यावर थोडा वेळ मनन करायचं आणि त्यातली एखादी गोष्ट त्याच दिवशी जगण्यात आणायची, ही कॅथलिक लोकांची फार जुनी साधना आहे. हे फक्त फादर-सिस्टर करतात असं नाही, नोकरीवर जाणारे, घर सांभाळणारे, आजारी, म्हातारे सगळेच करतात, कुणी चर्चमध्ये ऐकून तर कुणी सकाळी मोबाईलवर उतारा वाचून.

ह्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे उतारा आपण निवडत नाही. तो ख्रिस्तसभेच्या वाचनमालेत, म्हणजे कोणत्या दिवशी काय वाचायचं त्या यादीत, आधीच ठरलेला असतो. स्वतः निवडायचं म्हटलं की माणूस धीर देणारे, आवडते उतारे परत परत काढून बसतो आणि 'शत्रूंवर प्रीती करा' हे वाचायचं राहूनच जातं. वाचनमालेत ते सामान्य काळाच्या (मोठे सण आणि उपवासाचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांच्या) ११व्या आठवड्यात मंगळवारी येतं म्हणजे येतंच, मग त्या दिवशी आपलं कुणाशी वाजलेलं असो की नसो.

आजची वाचनमाला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६०च्या दशकातल्या जगभरच्या बिशपांच्या सभेमुळे) आली. परिषदेने १९६३ मध्ये उपासनेबद्दलच्या दस्तऐवजात सांगितलं की बायबलचं भांडार लोकांसाठी अजून मोकळं करा, आणि १९६९ मध्ये नवीन वाचनक्रम प्रसिद्ध झाला (सुधारित आवृत्ती १९८१). रविवारसाठी तीन वर्षांचं चक्र आहे, चार शुभवर्तमानांपैकी अ वर्षात मुख्यतः मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक, आणि योहान जास्त करून प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) नि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या आठवड्यांत). इतर वारी सामान्य काळात पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राने बदलतं पण शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं, पहिले ९ आठवडे मार्क, १० ते २१ मत्तय आणि पुढे ३४ पर्यंत लूक. म्हणजे तोच उतारा दरवर्षी परत भेटतो, फक्त मधल्या काळात आपण बदललेलो असतो, म्हणून मननाची वही ठेवणाऱ्यांना मागच्या वर्षीचं पान उघडून बघण्यात खूप काही मिळतं.

ऐकलेलं लगेच करायचं ह्याची दोन उदाहरणं चर्चच्या इतिहासात फार ठळक आहेत. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये आईवडील नुकतेच गेलेला तरुण अँथनी चर्चमध्ये शिरला तेव्हा 'जे तुझं आहे ते विकून गोरगरिबांना दे' हे मत्तयातलं वचन वाचलं जात होतं, त्याने आपली जमीन देऊन टाकली, बहिणीसाठी मात्र थोडं ठेवलं, मग दुसऱ्या वेळी 'उद्याची चिंता करू नका' हे ऐकल्यावर तेही दिलं आणि बहिणीला व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवलं. दुसरे असिसीचे संत फ्रान्सिस, त्यांनी १२०८च्या सुमारास शिष्यांना पाठवण्याचा उतारा (मत्तय १०) ऐकला आणि जोडे, काठी सोडून कमरेला दोरी बांधली. पण त्याआधी त्यांनी मिस्सा झाल्यावर धर्मगुरूंना त्या उताऱ्याचा अर्थ विचारला होता, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण एखादं वाक्य सुटं काढून त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावणं सोपं असतं. म्हणूनच आधीचा-नंतरचा संदर्भ बघणं, रविवारचं प्रवचन नीट ऐकणं, शंका आली तर विचारणं हे ह्या साधनेचाच भाग आहे.

पद्धती बऱ्याच आहेत. बाराव्या शतकातले कार्थुसियन संघाचे मठवासी दुसरे गिगो ह्यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या मांडल्या, तीच लेक्सिओ दिविना (पवित्र वाचन). पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१० मध्ये 'वर्बुम दोमिनी' ह्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं की ही प्रक्रिया कृतीपर्यंत पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. संत इग्नेशियस लोयोला ह्यांची पद्धत वेगळी, प्रसंगात स्वतः उभं राहून बघायचं, कोण काय बोलतंय ते ऐकायचं, आणि रात्री दिवसाची तपासणी करायची.

कृती ठरवताना लोक हमखास मोठं काहीतरी ठरवतात, आजपासून कुणावर रागावणार नाही वगैरे, आणि दुपारपर्यंत ते विरून जातं. अनुभवी मार्गदर्शक छोटं आणि नेमकं ठरवायला सांगतात. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, म्हणजे राखेच्या बुधवारनंतर (ह्या काळाच्या पहिल्या दिवसानंतर) नऊ दिवसांनी, 'आधी आपल्या भावाशी समेट कर' हा उतारा येतो, तेव्हा ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या एका माणसाला आजच फोन करायचा, एवढंच. त्याच आठवड्यात सोमवारी 'मी भुकेला होतो' हा मत्तय २५ मधला उतारा असतो, तिथे एका आजारी माणसाला भेटून येणंसुद्धा पुरतं.

काही दिवशी वाचून काहीच सुचत नाही, वंशावळीचा उतारा असेल तर विशेष. अशा दिवशी ओढूनताणून अर्थ काढायची गरज नाही, एखादं वाक्य मनात ठेवून कामाला लागायचं आणि संध्याकाळी परत एकदा वाचायचं.