एक ‘हो का’ आणि ८४ मेसेज

यंदाच्या होळीला मावसबहिणीने मेलबर्नहून पुरणपोळीच्या ताटाचा फोटो पाठवला. पोळीशेजारी कटाच्या आमटीची वाटी, आणि खाली एक ओळ: “अगदी आजीसारखी, आमसूल घालून.” आजोळच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही २७ जण आहोत. मी लिहिलं, “आजी चिंच घालायची.” त्यावर मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, दोनच शब्द लिहिले: “हो का”.

मला ते झोंबलं. मी तिखट उत्तर दिलं. त्याने लिहिलं, “आपण म्हणाल तसं.” जो दादा मला जन्मात कधी ‘अगं’ म्हटल्याशिवाय हाक मारत नाही, त्याने ‘आपण’ म्हणावं? मग धाकटा मामेभाऊ मध्ये पडला, एक मावशी दुखावली, कुणीतरी जुन्या मुंजीतलं मानापमानाचं प्रकरण उकरून काढलं. रात्रीपर्यंत ८४ मेसेज झाले आणि दोघं ग्रुप सोडून गेले. चिंच की आमसूल, एवढ्यावरून.

आपल्याच माणसांशी, इतक्या लहान गोष्टीवरून, इतकं का बिनसतं? मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. त्यातला मला सगळ्यात भिडलेला प्रयोग मात्र मेसेजचा नाहीच. तो टेबलावर बोटं वाजवण्याचा आहे.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी हा प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीचं गाणं मनात धरायचं आणि त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती गाणी ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता, साधारण निम्मी. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली.

घरी करून बघा. गणपतीची आरती मनात म्हणत टेबलावर बोटं वाजवा. तुमच्या कानात झांजा असतात, टाळ्या असतात, घरातल्या सगळ्यांचे वरखाली लागलेले सूर असतात. समोरच्याला ऐकू येतं ते फक्त टक, टकटक, टक. तो चुकीचं उत्तर देतो तेव्हा आपल्याला खरंच आश्चर्य वाटतं. इतकं सोपं आहे, याला कसं कळत नाही? आपल्या मनातलं गाणं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही, हे त्या क्षणी सुचतच नाही. मनातला आवाज काही केल्या बंद करता येत नाही, आणि तो समोरच्याच्या कानात नाही अशी कल्पनाही नीट करता येत नाही.

लिहिलेला मेसेज म्हणजे अशीच टकटक. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे थेट तपासलं. त्यांनी काही जणांना छोटी वाक्यं पाठवायला सांगितली, काही सरळ अर्थाची, काही टोमण्याची. निम्म्यांनी ती ईमेलने पाठवली, निम्म्यांनी आवाजात. आपला सूर कितपत ओळखला जाईल, याबद्दल दोन्ही गटांना सारखाच विश्वास होता, सुमारे ७८ टक्के. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के आलेच असते.

मराठीत ही अडचण जास्तच बोचते, असं मला वाटतं. आपली भाषा सूर वाहून नेते ती ‘ना’, ‘की’, ‘बरं’, ‘हं’, ‘अगं’ अशा चिमुकल्या शब्दांवर आणि त्यांच्या उच्चारावर. ‘हो का’ घ्या. शेवट वर नेला की खरंखुरं कुतूहल. ‘का’ लांबवला की कौतुक. सपाट म्हटलं की कंटाळा. ‘हो’वर जोर दिला आणि मान किंचित तिरकी केली की सरळ टोमणा. ओसरीवर बसून म्हटलेल्या ‘हो का’चा अर्थ लहान मुलालाही लागतो. पडद्यावर मात्र दोनच अक्षरं उरतात, आणि सूर वाचणाऱ्याला स्वतःच्या खिशातून घालावा लागतो. त्या दिवशी माझ्या खिशात जो सूर होता तो मी घातला. सकाळपासून पुरण शिजवून, वाटून, लाटून मी थकले होते.

डोळे न दिसणं हीही यातली मोठी गोष्ट. पडद्याआड माणसं एरवीपेक्षा बेधडक का होतात, याची कारणं जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडली: ओळख लपलेली असते, आपण दिसत नसतो, उत्तर ताबडतोब येत नाही, समोरचा माणूस आपल्याच डोक्यात बोलतोय असं वाटू लागतं. पुढे २०१२ मध्ये नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक या इस्रायली संशोधकांनी यातली काही कारणं वेगवेगळी करून पाहिली. त्यांच्या प्रयोगात निनावीपणापेक्षाही नजरेला नजर नसणं जास्त महत्त्वाचं ठरलं. आमच्या घरच्या भांडणाचा उलगडा मला इथे झाला. आमच्या ग्रुपवर कुणीच निनावी नाही. सगळे एकमेकांना लंगोटात पाहिलेले. तरी जी वाक्यं त्या रात्री लिहिली गेली, त्यातलं एकही आजीच्या स्वयंपाकघरात पाटावर समोरासमोर बसून कुणी बोललं नसतं. तोंडातून अर्धं वाक्य बाहेर पडताच मावशीचा चेहरा दिसला असता, आणि उरलेलं अर्धं वाक्य गिळलं गेलं असतं.

शिवाय कडू गोष्ट मनात खोल बसते. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक क्षेत्रांतलं संशोधन एकत्र करून दाखवलं की नात्यांत, भावनांत, शिकण्यात, सगळीकडे वाईट अनुभवाचा ठसा तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा जास्त उमटतो. यामागे जगण्याचं गणित असावं. गोड फळ एक दिवस चुकलं तर उद्या मिळेल. साप एकदा चुकला तर संपलं. त्या ८४ मेसेजमध्ये पुरणपोळीच्या फोटोंना दिलेल्या शाबासक्याही होत्या, मेलबर्नच्या भाचीने पहिल्यांदा लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळीचा व्हिडिओही होता. तो मी दुसऱ्या दिवशी पाहिला. आदल्या रात्री माझ्यासाठी ग्रुपवर एकच गोष्ट होती, ‘आपण म्हणाल तसं’.

मग यातून बाहेर कसं यायचं? संशोधनात दोन वाटा दिसतात.

पहिली वाट दुरून पाहण्याची. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की माणसं दुसऱ्याच्या अडचणीबद्दल जितका शहाणपणाने विचार करतात, तितका स्वतःच्या अडचणीबद्दल करत नाहीत. मैत्रिणीचं भांडण असेल तर आपण म्हणतो, अगं, त्याचीही काही बाजू असेल. स्वतःचं असेल तर त्याची बाजू असूच शकत नाही. वयाने यात फरक पडत नाही. तरुणांइतकीच ही खोट साठी ओलांडलेल्यांतही दिसली. पण त्यांना स्वतःकडे ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून बघायला सांगितलं, तेव्हा ही तफावत मिटली. हे वाचताना मला आपल्या संतकवींची रीत आठवली. अभंगाच्या शेवटी ते स्वतःचंच नाव घेऊन बोलतात. ती त्यांची नाममुद्रा होती, त्यात मानसशास्त्र शोधायला मी जाणार नाही. पण स्वतःला नावाने हाक मारून दोन शब्द सांगण्याची सवय आपल्या कानांना शेकडो वर्षांची आहे.

अंतर काळाचंही असू शकतं. वॉटर्लू विद्यापीठात ग्रॉसमन यांच्याच गटाने लोकांना जवळच्या माणसाशी झालेल्या भांडणाबद्दल लिहायला सांगितलं. काहींनी आज काय वाटतं ते लिहिलं, काहींनी वर्षाने काय वाटेल ते. वर्षापुढून पाहणाऱ्यांच्या लिखाणात दोषारोप कमी होते आणि क्षमा जास्त होती. मीही करून पाहिलं. पुढच्या होळीला चिंच-आमसुलाचं मला काय वाटेल? काहीच नाही. पण त्या दोघांनी ग्रुप सोडला याचं वाटेल.

दुसरी वाट कृतज्ञतेची, आणि तिच्याबद्दल जरा सावधपणे बोलायला हवं. हल्ली ‘रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच्या मुळाशी रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचं २००३ चं काम आहे. त्यांनी एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल ऋणी वाटतं अशा गोष्टी लिहायला लावल्या आणि दुसऱ्या गटाला कटकटी. पहिल्या गटाला स्वतःचं आयुष्य अधिक बरं वाटलं. पण नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडल्यावर परिणाम लहान निघाला; नैराश्य आणि चिंता यांवर तर अगदीच थोडा. त्यामुळे कुणी वहीत तीन ओळी लिहून आजार बरा होईल असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय होतोय, त्याला ‘जे आहे त्याबद्दल आभार मान’ म्हणून गप्प बसवणं तर क्रूरपणा आहे. ग्रुपवर वारसाहक्कातून बहिणीचं नाव वगळण्याची भाषा झाली, तर तिथे भांडायलाच हवं. मी बोलते आहे ते आमटीच्या भांडणाबद्दल.

यादीपेक्षा मला एक वेगळा प्रयोग जास्त खरा वाटतो. मिंक्युंग कू, टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सारा आल्गो यांचा, २००८ मधला. त्यांनी नात्यात असलेल्या लोकांचे दोन गट केले. एका गटाने लिहायचं, आपला जोडीदार आपल्याला कसा भेटला. दुसऱ्याने लिहायचं, तो कदाचित कधी भेटलाच नसता ते कसं. गोड आठवण लिहिणारेच जास्त सुखावतील, असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. ‘नसता भेटला तर’ हा विचार करणारे आपल्या नात्याबद्दल अधिक समाधानी निघाले. कारण जे आहे त्याची सवय होते, सवयीने ते दिसेनासं होतं. बेरीज करून ते पुन्हा दिसत नाही, वजाबाकी करून दिसतं.

हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या ग्रुपवर बोटाने मागे मागे जात राहिले, २२ जुलै २०२१ पर्यंत. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तो दिवस. मामाचं घर बाजारपेठेजवळ. पहाटे मामीचा मेसेज, “पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला.” मग काहीच नाही. वीज गेली, फोन लागेनात. दिवसभर आम्ही सगळे लिहीत राहिलो आणि मामाला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एकच राखाडी खूण. पुण्यात, बहारीनला, मेलबर्नला, कुणी झोपलं नाही. दादा दर अर्ध्या तासाने लिहीत होता, “कुणाला लागला का?” दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरावरून त्याला चार शब्द आले, “सगळे गच्चीवर. ठीक आहोत.” त्याने ते ग्रुपवर टाकले, आणि खाली आमचे २५-३० मेसेज एका दमात. कुणाला शब्द सुचत नव्हते. मी फक्त ‘दादा दादा दादा’ लिहिलेलं दिसतं.

मी त्या चार शब्दांची वजाबाकी करून पाहिली. पूर्ण करवली नाही.

आवाजाबद्दलचं एक संशोधन तेव्हा मला माहीत होतं. जुलियाना श्रोडर यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की आपल्याला न पटणारं मत आपण वाचलं तर ते मांडणारा माणूस मंद, अविचारी वाटतो. तेच त्याच्या आवाजात ऐकलं तर तो विचार करणारा माणूस वाटतो. आणि अमित कुमार व एपली यांनी २०२१ मध्ये असं पाहिलं की जुन्या मित्राला फोन करणं अवघड होईल या भीतीने लोक लिहिणं पसंत करतात. प्रत्यक्षात फोन तितका अवघड जात नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटते. माहीत असूनही मला चार दिवस लागले.

फोन दादानेच उचलला. मागे कुकरची शिट्टी. “अगं, बोल.” मी आधी पोरांची चौकशी केली, मग मामाच्या गुडघ्याची. मग विचारलं, “दादा, त्या दिवशी ‘हो का’ असं का लिहिलंस?”

“कधी?”

“होळीला. मी चिंच म्हटलं तेव्हा.”

तो जरा थांबला. “मला खरंच माहीत नव्हतं गं. मी विचारत होतो. आणि तू एकदम अंगावर आलीस.”

मग आम्ही आमटीवर आलो. त्याला आठवत होतं, आजी माळ्यावरून आमसुलांची बरणी काढायला त्याला चढवायची. मला आठवत होती पाण्यात भिजत टाकलेली चिंच आणि ती कोळताना आजीच्या बांगड्यांचा आवाज. शेवटी मोठ्या मावशीला फोनवर घेतलं. ती ८१ वर्षांची आहे. तिने आमचं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या वर्षी जे घरात असेल ते घालायची रे. पण तुम्हाला गूळ आठवत नाही का? गूळ किती घालायची ती!”