'आय' कुठे आणि 'मी' कुठे: इंग्रजी सर्वनामांची पार्श्वभूमी

सदाशिव पेठेत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीच्या वहीत वाक्य होतं: 'मी अँड माय ब्रदर वेन्ट टू सारसबाग.' मी लाल शाईनं 'मी' खोडून 'आय' केलं. पुढच्या आठवड्यात तिनं लिहिलं, 'आजी गेव्ह लाडू टू माय ब्रदर अँड आय.' पुन्हा लाल रेघ, आणि पोरीचा चेहरा उतरला. भावाला बाजूला काढून वाक्य वाच, असं सांगितलं की काम भागतं; 'गेव्ह लाडू टू आय' कानालाच खटकतं. पण हा घोळ मुळात आला कुठून, हेही मुलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्त्या होत्या. हळूहळू शेवटचे स्वर बोथट झाले, प्रत्यय गळाले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरू लागलं. सर्वनामं मात्र सतत जिभेवर असल्यानं जुनी रूपं धरून राहिली. तीही सगळी टिकली नाहीत. 'त्याला' या अर्थी द्वितीयेचं 'हिने' आणि चतुर्थीचं 'हिम' अशी दोन रूपं होती. 'हिने' गेलं आणि 'हिम' दोन्ही कामं करू लागलं. 'हूम' ('कुणाला') हेही मूळचं चतुर्थीचंच. आपण शाळेत द्वितीयेला 'स, ला, ते' घोकतो आणि चतुर्थीलाही तेच, तसंच हे.

'यू'ची गोष्ट तर फारच सुंदर आहे. ते मुळात कर्माचं रूप. कर्त्यासाठी 'यी' होतं. १६११च्या इंग्रजी बायबलात येशू शिष्यांना म्हणतो, 'यी हॅव नॉट चोझन मी, बट आय हॅव चोझन यू.' पुढे 'यू'नं 'यी'ची जागा घेतली आणि आज ते कुणाला चूक वाटत नाही. आपलं 'मी' तरी काय? संस्कृतातल्या 'अहम्'पासून नव्हे, तर तृतीयेच्या 'मया'पासून प्राकृतातून ते आलं. म्हणून तर 'त्याने आंबा खाल्ला', पण 'मी आंबा खाल्ला'. 'ने' लागत नाही, कारण तृतीया त्यात आधीच मुरलेली आहे. इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' एकाच प्राचीन मुळाचे. आमची पोरगी गोंधळली यात नवल नाही.

नियमांचा कडकपणा त्यानंतरचा. १७६२मध्ये रॉबर्ट लाउथ यांचं व्याकरण आलं, १७९५मध्ये लिंडली मरे यांचं. दोघांसमोर आदर्श लॅटिनचा, आणि तिथे 'आहे'सोबतही कर्त्याचंच रूप येतं, म्हणून 'इट इज मी' नको, 'इट इज आय' हवं. मरे यांचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांत चाललं. लोक बोलताना 'इट इज मी'च म्हणत राहिले, आणि माझ्या मते तेच आज बरोबर आहे.

आपल्या मुलांची खरी अडचण 'मला'ची आहे. 'मला बोलाव' इथे इंग्रजीत 'मी', पण 'मला भूक लागली', 'मला आंबा आवडतो' इथे 'आय'. परवा त्या मुलीला अशी दहा 'मला'ची वाक्यं काढून आणायला सांगितली. तिनं चौदा आणली, आणि त्यातली नऊ 'आय'ची निघाली.