बोअर किती पावलांवर मारायचं?

शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंच पाणी आणि आपल्यातून नुसता फुफाटा! कोल्हापूरकडं हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. पानाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तरी मधल्या चाळीस फुटांत खडकानं काय केलंय, ते वरून कळत नाही. खनिज शोधणाऱ्याचंही हेच दुखणं, फक्त त्याला शेकडो बोअर मारायचे असतात.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यांच्या सपाट पठारांवर, बॉक्साइट आहे; अ‍ॅल्युमिनियमचं खनिज. वर काळपट जांभ्याचं कवच, आत कुठंकुठं वाटाण्याएवढ्या गोळ्यांनी भरलेला बॉक्साइटचा दगड, खाली चिकणमाती आणि तळाला बेसॉल्ट. हे बॉक्साइट जांभ्यात कप्प्याकप्प्यानं बसलेलं असतं. इथं चांगलं जाड, जरा पुढं गेलं की नुसता लोहाचा जांभा. सरळ पसरलेल्या कोळशाच्या थराला दोन बोअरमध्ये ४०० मीटरचं अंतर चालून जातं. इथं तेवढ्यात अख्खा कप्पा निसटेल.

मग घाला जवळजवळ? एक चौरस किलोमीटरला १०० मीटरवर १०० बोअर लागतात, ५० वर ४००, २५ वर १६००. अंतर निम्मं, खर्च चौपट.

म्हणून आधी थोडे बोअर अधिकच्या चिन्हासारखे, अगदी जवळजवळ मारतात. जोड्या लावून बघतात: दहा मीटरवर अ‍ॅल्युमिना (बॉक्साइटमधला कामाचा भाग) किती बदलला, वीसवर किती? अंतराबरोबर फरक वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. त्या अंतरापलीकडं एका बोअरला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. बोअरच्या जाळीतलं अंतर त्याच्या आत बसलं पाहिजे. शेजारी-शेजारी मारलेल्या बोअरमध्येही थोडा फरक उरतोच. सोन्याच्या गोळ्यांवरून त्याला ‘नगेट परिणाम’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोनखाणींतले अंदाज का चुकतात, हे डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये मांडलं. फ्रान्सच्या जॉर्ज माथेरों यांनी त्याचं गणित रचलं आणि आजूबाजूच्या बोअरवरून मधल्या जागेचा अंदाज बांधायच्या या पद्धतीला ‘क्रिगिंग’ नाव पडलं.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. अंतराबरोबर फरक कसा वाढतो, याचा आलेख हाती आला की क्रिगिंगमधली संभाव्य चूक बोअर कुठं आहेत एवढ्यावरच ठरते. त्यात काय सापडलं, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे न मारलेले बोअर कागदावर मांडायचे आणि चूक आधीच मोजायची. ५० वरून २५ वर येऊन ती जेमतेम कमी होत असेल, तर रिग परत पाठवायची. आणि अंतर सगळीकडं सारखंच कशाला? खोदाई जिथून सुरू होणार, तिथं दाट घालावेत. सड्याचं दुसरं टोक पुढच्या वर्षी बघता येतं.