इंका ट्रेल: विरळ हवा, दगडी पायऱ्या आणि त्याखालून वाहून जाणारं पाणी

इंका ट्रेल म्हणजे पेरूतल्या माचू पिचू या इंकांच्या प्राचीन नगरीकडे नेणारी डोंगरवाट. तिची खरी परीक्षा चालायला सुरुवात करण्याआधीच होते. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून निघालेलं विमान दीड तासाच्या आत आपल्याला कुस्को शहरात, सुमारे ३,४०० मीटरवर नेऊन सोडतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानतळावर बॅगेची वाट पाहत असतानाच आपण महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दुप्पट उंचीवर उभे असतो. रतनगड, हरिश्चंद्रगड, साल्हेर करून तयार झालेले पाय इथे नक्कीच उपयोगी पडतात, पण जिथे घोडं अडतं तिथे पायांचं काही चालत नाही.

उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण सहज म्हणून जातो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मात्र सगळीकडे तेवढंच, साधारण २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. कुस्कोत तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. ट्रेलवरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे आणि तिथे तो जेमतेम ६० टक्के भरतो. दाब कमी, म्हणून फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरही कमी. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर कुस्कोत पहिल्या दिवशी बोटाला लावलं, तर आकडा नव्वदीच्या आसपास दिसतो. तेव्हा याच आकड्यावर आपण दवाखान्यात धाव घेतली असती. इथे धडधाकट माणसाच्या बाबतीतही तो अपेक्षितच असतो.

यावर शरीर काय करतं, ते पाहण्यासारखं आहे. मानेतल्या मुख्य धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं त्याला काही क्षणांत कळतं आणि श्वास जलद व खोल होतो. पण भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि मेंदूतलं श्वसनकेंद्र लगेच आवरतं घ्यायला सांगतं. एक यंत्रणा श्वास वाढवू पाहते, दुसरी तो रोखू पाहते. ही ओढाताण रात्री झोपेत सर्वांत जास्त जाणवते. श्वास वाढत जातो, मग उथळ होतो, काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. पहिल्यांदाच उंचीवर आलेल्याला वाटतं की आपल्याला काहीतरी गंभीर झालंय. प्रत्यक्षात उंचीवरच्या झोपेत हे सर्रास घडतं.

या भांडणाचा निकाल लावतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं जास्तीचं बायकार्बोनेट, म्हणजे रक्ताला अल्कधर्मी ठेवणारा घटक, लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्त पुन्हा समतोलाकडे येतं आणि श्वसनकेंद्राचा विरोध मावळतो. याला दोन ते चार दिवस लागतात. हिमालयात जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सना ठाऊक असलेलं डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, हेच काम लवकर उरकायला मदत करतं. अर्थात ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर विशेषच. उंचीवर रक्त वाढतं, म्हणून आधी जाऊन राहायचं, हा समज अर्धाच खरा आहे. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटतं आणि तांबड्या पेशींची निर्मिती वाढते हे बरोबर, पण त्याचा पुरता फायदा मिळायला आठवडे जातात. चार दिवसांच्या ट्रेकला आपल्याला तारून नेतात ते श्वास आणि मूत्रपिंडंच.

म्हणूनच मी आग्रहाने सांगेन, की कुस्कोत उतरल्यावर तिथे मुक्काम न करता आधी खाली जावं. उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातलं ओयांताइताम्बो गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढाव्यात, इंकांनी रचलेले पाण्याचे पाट अजूनही वाहतात ते बघत गल्ल्यांतून फिरावं, आणि मग ट्रेलला लागावं. ओयांताइताम्बोचा किल्लाही याच मुक्कामात निवांत बघून होतो. वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही.

ट्रेल सुरू होतो ‘किलोमीटर ८२’ नावाच्या रेल्वेलगतच्या ठिकाणी. सुमारे ४० किलोमीटरची वाट, चार दिवस, तीन रात्री. पहिली रात्र बहुधा ३,००० मीटरच्या आसपास वाय्याबाम्बाजवळ. दुसऱ्या दिवशी तिथून १,२०० मीटरचा सलग चढ चढून वार्मिवान्युस्का, म्हणजे मेलेल्या बाईची खिंड. पलीकडे उतरून ३,६०० मीटरवर पकायमायोला तंबू पडतात. दिवसा उंच चढावं आणि रात्री खाली येऊन झोपावं, हा गिर्यारोहकांचा नियम ही वाट आपोआप पाळते. एक गोष्ट मात्र नकाशा बघताना लक्षात येत नाही. पकायमायो दोन खिंडींच्या मधोमध आहे. तिथून वाटेने मागे जा किंवा पुढे, आधी चढावंच लागतं. त्यामुळे डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, तर ते खिंडीच्या अलीकडे असतानाच गाईडला सांगितलं पाहिजे. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला ही फुफ्फुसात पाणी साठू लागल्याची खूण असते. चालताना तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं ही मेंदूला सूज आल्याची. दोन्हीवर पहिला उपाय एकच, उंची कमी करणं. लाजेखातर गप्प बसलेला ट्रेकर सगळ्या चमूला अडचणीत टाकतो.

गाईडच्या हातात कोकाची पानं असतातच. इथे ती चघळतात, त्यांचा चहाही करतात, आणि पेरूत ते कायदेशीर आहे. त्यांनी थोडी तरतरी येते, पण उंचीचा आजार टळतो याला भक्कम पुरावा नाही. परतताना मात्र एकही पान बॅगेत राहू देऊ नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

तिसरा दिवस मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्या दिवशी पायाखाली बराचसा मूळ इंका रस्ताच असतो. इंकांच्या ‘खापाक न्यान’ या रस्त्यांच्या जाळ्याची लांबी सुमारे ३०,००० किलोमीटर होती. कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत सहा देशांत पसरलेलं हे जाळं २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. या लोकांकडे वाहतुकीला चाक नव्हतं, घोडा नव्हता. माणसं आणि लामा यांच्यासाठी बांधायचं असल्यामुळे वळणावळणांनी चढ सौम्य करायची गरज पडली नाही. सरळ पायऱ्या घातल्या. गुडघ्यांची दैना होते ती त्यामुळेच.

सायाक्मार्का या वाटेवरच्या इंका अवशेषांच्या पुढे वाट एका आटलेल्या तळ्याच्या दलदलीतून जाते. तिथे दगडांचा बांध घालून वाट उंचावर उचलून घेतली आहे. नंतर एक बोगदा लागतो. कड्यातल्या नैसर्गिक भेगेला रुंद करून तिच्या पोटात दगडातच पायऱ्या कोरल्या आहेत. आत वाकून हात टेकवला की ग्रॅनाइटचे खरखरीत कण बोटांना जाणवतात. इंकांकडे लोखंड नव्हतं. नदीतले कठीण गोटे हातात धरून दगड ठोकत आकाराला आणता येतो, हे वास्तुविद ज्याँ-पिएर प्रोत्झेन यांनी स्वतः प्रयोग करून दाखवलं आहे. घाव घालायचा, कण उडवायचा, जोड लावून बघायचा, पुन्हा ठोकायचा.

लोक इंकांच्या दगडी भिंतींचं कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. माझ्या मते त्यांची खरी कमाल पाण्यात दिसते. माचू पिचू २,४३० मीटरवर, दोन शिखरांमधल्या अरुंद खोगीरात वसलं आहे. तिथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि खालचा खडक भेगाळलेला. ब्राझीलचे भूशास्त्रज्ञ रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ साली मांडलं, की ही नगरी भूगर्भातल्या भेगा एकमेकींना छेदतात तिथेच बांधली आहे. दगड आधीच तडकलेला, म्हणून फोडायला सोपा, आणि भेगांतून पाण्याला वाटही मिळते. अशा जागी पाण्याचा निचरा चुकला असता, तर सगळी वस्ती कधीच दरीत गेली असती.

अमेरिकी जलअभियंते केनेथ राइट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो व्हालेन्सिया यांनी १९९४ नंतर इथल्या पाण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे इथल्या बांधकामाचं सुमारे ६० टक्के काम जमिनीखाली आहे. शेतीच्या पायऱ्या उकरून पाहिल्या तेव्हा वर सुपीक माती, खाली वाळू आणि बारीक खडी, त्याखाली मोठे दगड असे थर निघाले. पावसाचं पाणी मातीत मुरतं, खडीतून खाली उतरतं आणि भिंतीमागे साठून तिला ढकलत नाही. भिंतींमध्ये पाणी बाहेर पडायला सुमारे १३० तोंडं ठेवली आहेत.

पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी. डोंगराच्या उतारावरच्या झऱ्यातून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने पाणी नगरीत येतं आणि एकाखाली एक अशा १६ कारंज्यांतून उतरत जातं. त्यातल्या एखाद्या कारंज्यापाशी थांबून नीट पाहावं. वरच्या दगडाला चौकोनी खाच आहे, ओठ जरासा पुढे काढला आहे. त्यामुळे धार भिंतीला चिकटून ओघळत नाही, सुटी पडते आणि अरुंद गळ्याची घागर तिच्याखाली अचूक भरता येते. पहिलं कारंजं राजनिवासाला लागून आहे, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी आधी राजाला. येल विद्यापीठाच्या रिचर्ड बर्गर यांनी इथल्या अस्थींच्या कार्बन तपासणीतून २०२१ साली दाखवलं, की इथे साधारण १४२० ते १५३० या काळात लोक राहत होते. त्यानंतर चार शतकं देखभाल जवळजवळ नव्हती, तरीही रचना टिकून राहिली.

जानेवारी २०१० मध्ये याची कसोटी लागली. अतिवृष्टीने उरुबाम्बा नदीला पूर आला, खोऱ्यातला रेल्वेमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, हजारो पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. वरच्या अवशेषांना फारशी झळ पोचली नाही.

पाऊस सोसणारी ही वाट बुटांचा मारा मात्र तितक्या सहज सोसत नाही. म्हणून आता इंका ट्रेलवर परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश असतो, आणि त्यात गाईड, आचारी, हमाल सगळे धरलेले असल्यामुळे प्रत्यक्ष ट्रेकर सुमारे २०० असतात. परवाना पासपोर्टवरच्या नावाने निघतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. चालण्याच्या काठीला रबरी टोपण लावावं लागतं, धातूच्या टोकाने दगड झिजतात म्हणून. फेब्रुवारी हा भर पावसातला महिना. तेव्हा ट्रेल दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असतो, अवशेष पाहायला मात्र रेल्वेने जाता येतं.

या वाटेवर खेचरांना परवानगी नाही, त्यामुळे तंबू, गॅस, भांडी, सगळं माणसाच्या पाठीवर. हे हमाल बहुतेक क्वेचुआ भाषक खेड्यांतले असतात. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, तिबेटींमध्ये मात्र जनुकीय बदलामुळे ते तितकं वाढत नाही. त्याच विरळ हवेला दोन लोकसमूहांनी दोन वेगळी उत्तरं शोधली. अँडीजच्या उत्तराला किंमतही आहे. काहींचं रक्त प्रमाणाबाहेर दाट होतं, आणि हा आजार पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात पहिल्यांदा वर्णन केला. तेव्हा ‘त्यांना सवय असते’ असं म्हणून त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पेरूच्या कायद्याने आता एका हमालाला २० किलोंची मर्यादा घातली आहे आणि ट्रेलच्या नाक्यावर वजन केलं जातं. बुकिंग करताना कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारावेत: ट्रेलआधी खोऱ्यात किती रात्री ठेवता, आणि हमालांना झोपायला कोरडा तंबू, जमिनीवर अंथरायची मॅट व पुरेसं जेवण देता का. दुसऱ्या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर मिळालं, तर दुसरी कंपनी बघावी.